मुजीबभाईंनी दिलेली सुट्टी

मुजीबभाई कचेरीत आले की आधी सर्व्हरच्या खोलीत जायचे. चपला दाराबाहेर काढायचे, त्या लोखंडी कपाटावर तळहात टेकवायचे आणि आतल्या पंख्याची घरघर ऐकत डोळे मिटून उभे राहायचे. मग बाहेर येऊन मला सांगायचे, "त्याची झोप झालेली दिसती ताई. बराबर हाय." त्यांची स्वतःची झोप कधी झाल्यासारखी वाटली नाही. शिरड शहापूरहून मोटारसायकलवर येणारा हा उंच, खांद्यात वाकलेला माणूस सकाळीच दिवस संपल्यासारखा दिसायचा.

कुरुंद्याजवळच्या आमच्या हळद संस्थेत मी हिशेबाला आणि ते संगणकाला. काट्यावर हळद तोलली की वजन, भाव, शेतकऱ्याचं नाव, सगळं त्या एका सर्व्हरवर जातं. त्याचा रोज बॅकअप घ्यायचा, शेतकऱ्यांच्या मोबाइलवर भाव पाठवायचे, साहेबांसाठी अहवाल काढायचा, हे पूर्वी मुजीबभाई हाताने करत. मग त्यांनी एकेका कामाची स्क्रिप्ट लिहायला घेतली. म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "एकदा नीट सांगून ठेवायचं, मंग ते रोज न सांगता करतं. घरात असं एक लेकरू निघालं तरी लई झालं."

हा खटाटोप कशासाठी, ते मला माहीत होतं. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन नांदेडला करायचं होतं आणि ते सारखं पुढे जात होतं. रजेचा विषय काढला की साहेब म्हणत, "तुम्ही तिकडे आणि इथे बंद पडलं तर?" म्हणून मुजीबभाई एकेक काम सर्व्हरच्या गळ्यात घालत होते. पण एक काम सुटलं की साहेबांना ते मोकळे दिसायचे. मग हजेरीचं यंत्र आलं, कॅमेरे आले, शेवटी साहेबांच्या मेहुण्याच्या घरचा प्रिंटरसुद्धा आला. मुजीबभाई कपाळ चोळत बसायचे. "काहून ह्यांना माझ्याकडं वेळ दिसून राहिला ताई? मी घरी हुडकतो तर सापडत न्हाई."

एका खंडेनवमीला तर कहरच झाला. काट्याची, संगणकांची पूजा आमच्याकडे दरवर्षी होते. चालत्या यंत्राला हळद-कुंकू लावू नये म्हणून आमच्या शिपायाने सरळ सर्व्हरची वायर उपटली, आणि वर मोठ्या भक्तिभावाने पंख्याच्या जाळीतच हळद सोडली. आदल्या दिवसाचा बॅकअप झालेला नव्हता, त्यामुळे त्याची सगळी वजनं गेली. मुजीबभाई सणभर ती जुळवत बसले. शिपाई रडवेला झाला होता, त्याला म्हणाले, "तुझं चुकलं न्हाई बाबा. एक दिवस त्यालाबी आराम पायजेच. फकस्त सांगून देत जा." पुढच्या वर्षापासून आदल्या संध्याकाळी ते स्वतः सर्व्हर नीट बंद करत आणि पूजेच्या वेळी जाळीवर रुमाल धरून उभे राहत.

पावसाळ्यात आवक मंदावली तेव्हा कुठे त्यांना रजा मिळाली. ऑपरेशन झालं. इकडे सर्व्हर एकदाही अडखळला नाही. परतले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळ होता. "एक फोन न्हाई आला ताई! बायकोच्या उशाशी बसल्या बसल्या दुपारची झोप लागली मला."

त्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना आत बोलावलं. तुमच्यावाचून काही अडलं नाही, तेव्हा या जागेची गरज उरली नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मुजीबभाई मात्र खुर्चीत टेकले आणि पाणी प्यायले. "न्हाई अडलं, हे खरंच हाय. त्याच्यासाठीच तर केलं समदं. आता कोनाला काय म्हनू?" त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

जाण्याआधी त्यांनी सगळं मला समजावून दिलं. पुढच्या काही वर्षांच्या खंडेनवमीच्या तारखाही माझ्याकडून पंचांगातून काढून घेतल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

यंदा साहेबांनी खंडेनवमीलाही खरेदी चालू ठेवली. सकाळी दारात हळदीच्या गाड्यांची रांग लागलेली आणि सर्व्हर ठप्प. साहेबांना घाम फुटला. मीच मुजीबभाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"बंद न्हाई पडलं, सुट्टीवर हाय त्ये," पलीकडून शांत आवाज आला. "तसं सांगूनच ठेवलंय मी त्याला. उद्या सकाळी आपसूक उठंल."

"मुजीबभाई, गाड्या उभ्या आहेत!" साहेब ओरडले.

"मंग समोरचं बटन दाबा, चालू व्हईल. पर साहेब, एक दिवस पडू द्या की त्याला. मला तुमी सुट्टीला लई उशिरा सोडलं. त्याची सुट्टी मी आधीच मंजूर करून आलो व्हतो."

साहेबांनी फोन बंद केला आणि आत जाऊन बटन दाबलं. पंखा घरघरू लागला. मी चपला दाराबाहेर काढल्या, जाळीवर रुमाल धरला आणि चालत्या यंत्रालाच हळद-कुंकू लावलं.