राणीच्या शेपटीचे केस

“जेनायटल वॉर्ट्स आहेत,” उमरग्याचे डॉक्टर म्हणाले. “म्हणजे गुप्तांगावरच्या चामखिळी. पण हा दोरा कुणी बांधला?”

तो दोरा नव्हता. घोडीच्या शेपटीचा केस होता, आणि माझ्याच हातानं बांधलेला.

बेंबळीला आमची वरातीची घोडी आहे, राणी. लग्नसराईत ती नवरदेव मिरवते आणि एरवी गावाला केस पुरवते. घोड्याचा केस घट्ट बांधला की चामखीळ सुकून गळते, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं सकाळी दारात कुणी ना कुणी हजर. त्या दिवसांत राणीची शेपटी फारच विरळ झाली होती. मी गावाच्या नावानं बोटं मोडत होतो.

मग अंघोळ करताना लघवीच्या जागी चार बारीक, खरखरीत फोड हाताला लागले. दुखत नव्हते, खाजत नव्हते. डॉक्टर कशाला? औषध तर दारात बांधलेलं! तिसऱ्या दिवशी एक फोड सुजला, रक्त आलं, आणि मी फेंगडा चालू लागलो. गावात सगळे ओळखीचे, म्हणून लांब उमरगा गाठलं. तिथं कंपाउंडरनं बघताक्षणी विचारलं, “घोडीवाले ना तुम्ही? आमच्या मेव्हण्याच्या वरातीत होता की!” घ्या!

डॉक्टरांनी आधी केस कापून काढला, मग समजावलं. “एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. कातडीला कातडी लागून, बहुतेक वेळा शरीरसंबंधातून पसरतो. अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. त्यामुळं कधी आला, कुणाकडून आला, हे सांगता येत नाही. चामखिळी करणारे प्रकार सहसा कॅन्सरचे नसतात. पण बायकोलाही दाखवून घ्या.”

रक्त तपासलं. एचआयव्ही नाही, सिफिलिस म्हणजे गरमीही नाही. मग क्रायो केलं, म्हणजे अतिथंड द्रवानं चामखीळ गोठवली. झोंबलं, पण केसाइतकं नाही.

अवघड होतं ते एवढंच, बायकोला सांगणं. सुनीताचा माझ्यावर बारा वर्षांचा विश्वास. तिनं भलतंच मनात घेऊन तामलवाडीचं माहेर गाठलं तर? एसटीत मी वाक्यं जुळवत आलो आणि घरी पोचेपर्यंत सगळी विसरलो.

ती राणीला खरारा करत होती. मी तिथंच भडाभडा सांगून टाकलं. खरारा हातात तसाच धरून ती उभी राहिली.

“अवो,” ती हळूच म्हणाली, “मला बी हायती. दोन.”

“कधीपासनं?”

“दिवाळीपासनं. तुमी काय म्हणाल, म्हून बोलले न्हाय. म्या बी राणीचाच केस उपटत हुते. बांधायला गेलं की निसटतोय.”

मी राणीच्या शेपटीकडं बघितलं. सुनीतानंही बघितलं. मग आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. राणीनं कान मागं टाकले. माझा जीव भांड्यात पडला होता.

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून गेलो. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी सुनीताला औषध लावलं, कॅन्सरची शंका नको म्हणून गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणीही केली. तिचा रिपोर्ट नीट आला. माझी एक चामखीळ परत उगवली, परत गोठवली. असं होतं म्हणे, घाबरायचं नाही.

तुम्हाला तिथं काही उगवलेलं दिसलं, तर केस, चुना, ब्लेड काही लावू नका. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, सरकारी दवाखान्यातही दाखवता येतं. आणि जोडीदाराला सांगा. मी सांगितलं नसतं, तर सुनीता आजही एकटीच घाबरत बसली असती.

राणीची शेपटी आता दाट झाली आहे. केस मागायला लोक अजून येतात. सुनीता देत नाही, डॉक्टरांचा पत्ता देते. परवा तामलवाडीकडचा एकजण आला. तिनं विचारलं, “चामखीळ कुठं हाय, भाऊ?” तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“लाजू नगा,” सुनीता म्हणाली. “आमी दोघं बी जाऊन आलोय.”