नीरेची कैफियत

मी लेखक नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, एवढ्याशा भांडवलावर एका वडीलधाऱ्या माणसाविषयी लिहायला बसावं की नाही, या विचारात माझे दोन महिने गेले. चुकलंमाकलं वाचकांनी पोटात घालावं. एक गोष्ट मात्र मी न कचरता सांगतो. भोर संस्थानात देवाला न मानणारा माणूस एखादा सापडेल, पण नीरा नदीला आमच्या घरमालकांइतकं मनावर घेतलेला माणूस दुसरा सापडणार नाही.

घरमालक म्हणजे काका. संस्थानच्या दप्तरखान्यात तीस वर्षं कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले होते. हायस्कुलासाठी मी विंझरहून भोरला आलो आणि जागा विचारायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

“विंझरचं पाणी कुठं जातं?”

“गुंजवणीत,” मी चाचरत म्हणालो.

“आणि गुंजवणी?”

“नीरेत.”

“म्हणजे तू उपनदीवाला. पडवीत राहा. आतली खोली मी नीराकाठच्यांसाठी राखून ठेवलीय.” ती खोली माझ्या सबंध मुक्कामात रिकामीच होती.

रोज सकाळी काका खाचा पाडलेला बांबू घेऊन घाटावर पाणी मोजायला जात. घरी माजघराच्या भिंतीवर त्यांनी हातानं काढलेला नकाशा होता. भोर पिवळं, इंग्रजांचा खालसा मुलूख तांबडा, फलटण हिरवं, निजाम निळा. नीरा आपल्याकडे उगवते, खालशात शिरते, मग काही अंतर तिचा एक काठ इंग्रजांचा आणि दुसरा फलटणचा. पुढे ती भीमेत मिसळून निजामाच्या मुलखात जाते, तिथून कृष्णेत, आणि कृष्णेबरोबर मद्रास इलाख्यात समुद्राला मिळते. “चार अंमल आणि तीन भाषा!” काका बोटं नाचवत म्हणत. “पण एका तरी जकातनाक्यावर कुणी तिचं गाठोडं सोडलंय?” भाटघरचा विषय निघाला की मात्र ते उदास होत. “धरण आपल्या हद्दीत, अन् चावी इंग्रजांच्या कमरेला.”

या नदीची उगमापासून समुद्रापर्यंतची कैफियत लिहायची हा त्यांचा ध्यास होता. कैफियत म्हणजे अगदी कचेरीतल्यासारखी. साक्षीदार, जबान्या, अंगठे. घाटावरच्या परटिणीला त्यांनी एकदा विधिपूर्वक विचारलं, “नदीविषयी काही तक्रार?” ती म्हणाली, “व्हय, लई हाय. दर पावसाळ्यात माजा धुण्याचा धोंडा न्हेती. लिवा, भरून द्या म्हनावं.” काकांनी ते लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा उठवला.

मी पुण्याला कॉलेजात गेलो त्या वर्षी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. ऑपरेशनाला ते तयार नव्हते. दिसतंय तोवर कैफियत पुरी करायची, एवढंच त्यांनी धरलं. काठाकाठानं चालणं आता शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी पार समुद्रापर्यंतच्या काठावरच्या पाटलांना पत्रं धाडली. आखलेले रकाने, मोडी अक्षर आणि शेवटी ‘उत्तरास कसूर होऊ नये’. बहुतेक ठिकाणांहून काहीच आलं नाही. भीमेच्या अलीकडच्या एका पाटलानं तेवढं कळवलं, ‘सदर नदी आमचे गावावरून जात नाही. पूर्वी जात असे, हल्ली बंद आहे.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘नदी आहे, परंतु पाणी कोणी वापरीत नाही.’ नकाशावर दोन्ही गावं धडधडीत काठावर होती. काका हतबुद्ध झाले.

त्याच सुमारास माझे वडील नव्या तांदळाचं पोतं घेऊन भोरला आले होते. मीही सुटीत तिथंच होतो. त्यांना अक्षर येत नाही. काकांनी धाडलेल्या पत्राची नक्कल मी वाचून दाखवली तशी ते हसू लागले.

“रावसाहेब, ह्ये तर समन्स हाय. पानीपट्टी बसंल म्हून भ्याली मानसं. म्या बी म्हनलो असतो, आमच्या गावात नदीच न्हाई.”

“मग लिहायचं तरी कसं?”

“लेक दिल्याल्या घरी लिवत्यात तसं.”

काकांना मूलबाळ नव्हतं. आतून काकू म्हणाल्या, “त्यांना साधं पत्र येतच नाही हो! मी माहेरी असताना मला आलेल्या पत्रावरही जावक क्रमांक असायचा.”

शेवटी वडिलांनी सांगितलं आणि मी लिहिलं. “आमची लेक तुमच्याकडं नांदती. गुनाची हाय. पावसाळ्यात जरा डोकं फिरतं तिचं, तेवढं सांभाळून घ्या. खुशाली कळवा.” पुण्याला वसतिगृहातल्या मित्रांकडून मी त्याची कानडी, उर्दू आणि तेलुगू भाषांतरं करून घेतली.

मग मात्र उत्तरं येऊ लागली. नदी बंद असलेल्या पाटलानं तीन पानं लिहिली. ‘सौभाग्यवती सुखरूप आहे. यंदा तिच्या वाळवंटात कलिंगडं उत्तम झाली.’ रायचूरकडून कुणीतरी कळवलं, ‘तिनं आमचं देऊळ वाहून नेलं, पण माहेरच्यांनी विचारपूस केली म्हणून राग सोडला.’ परभाषेतली उत्तरं माझ्याकडे येत आणि मराठी होऊन परत जात; काकू वाचत, काका ऐकत. बांबूवरच्या खाचा आता त्यांना बोटांनी चाचपाव्या लागत. एक शेवटचं पान तेवढं कोरं होतं, समुद्राचं. वर्ष उलटलं, तिथून काही येईना.

दिवाळीला मी भोरला गेलो. काकूंनी उशीखालून एक कार्ड काढलं. मछलीपट्टणकडच्या कुणा शाळामास्तरांनी इंग्रजीत लिहिलेलं. “आठ दिवस झाले येऊन,” त्या म्हणाल्या. “हे कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, पत्र त्याच्या वडिलांनी सांगितलेलं, तर उत्तरही त्यानंच वाचावं.”

काका भिंतीला टेकून बसले. आता त्यांना उजेड तेवढा कळत होता. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागलो. उत्तराला उशीर झाल्याबद्दल मास्तरांनी क्षमा मागितली होती. पत्र त्यांनी कोळीवाड्यात वाचून दाखवलं होतं, आणि तिथल्या बायकांनी आम्हा माहेरच्यांची खुशाली विचारली होती.

“पुढे?” काका म्हणाले.

पुढे लिहिलं होतं, “आपली लेक इथवर पोचली. वाटेत फार जणींना घेऊन आली, त्यामुळे तिला वेगळी ओळखता येत नाही. पण भरती आली की समुद्र आत चढतो, आणि मग दिवसातून दोनदा ती उलटी फिरून काही कोस माहेराकडे चालते.”