जिवलीचं उखळ

माकुणसारच्या जिवलीला टापटिपीची भारी हौस, आणि त्रेसष्ट साली तीच तिच्या मुळावर उठली. शेठच्या जमिनीवर ज्याचं जुनं राहतं घर, त्याच्या नावे घराखालची जागा होणार होती. मामलेदार पाहणीला येणार म्हटल्यावर, त्यांना ठेच लागू नये म्हणून बाईने जमिनीत पुरलेल्या उखळावर फळी टाकली आणि सगळं घर गुळगुळीत सारवून काढलं.

शेठचा मुनीम आत डोकावून हसला. "बघा साहेब, परवा उभी केलेली झोपडी. साधं उखळसुद्धा नाही."

मामलेदारांनी पेनाला टोपण लावलं.

"सारव अजून," नवरा चिंधू पुटपुटला.

तिने कोपऱ्यातलं मुसळ उचललं. मुनीम उडी मारून अंगणात गेला. तिने चुलीशेजारी सगळ्या ताकदीनिशी घाव घातला. फळी मोडली, मुसळ आत गेलं.

मामलेदारांनी वाकून हात घातला. तो कोपरापर्यंत गेला.

"एवढं कोणी झिजवलं?"

"आजेसासूनं, सासूनं, मंग मी."

पेनाचं टोपण पुन्हा निघालं.

आता ते उखळ उघडंच असतं. पाहुणे ठेचकाळतात आणि जिवली खुशाल हसते.