गंगुबाईंनी पंखा पाचावर नेला

सोमवार, सकाळचे आठ वाजून बावीस मिनिटं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका काजू कारखान्यात अस्लम मुकादम शिडीवर चढून पंख्याची पाती पुसत होता. वीस वर्षं कुवेतमध्ये उंच इमारतींचं वायरिंग केलेला माणूस. पण त्याचं सगळ्यात यशस्वी काम खाली भिंतीवर होतं. पंख्याचा रेग्युलेटर, आणि त्याच्यामागे एकही वायर नाही.

त्याचं असं झालं. काजूची साल कागदाहून हलकी. वारा वाढला की उडते आणि नाकातोंडात जाते. म्हणून मॅनेजर स्वरूप शिर्के यांनी पंखा कायमचा दोनवर ठेवला आणि बटण आपल्या केबिनमध्ये नेलं. सोलणाऱ्या बाया चिडल्या. रागाच्या हातांनी काजू फुटू लागले. शंभरात आठ तुकडे पडायचे, ते पंधरा पडायला लागले.

"अस्लमभाई, काहीतरी करा," शिर्के म्हणाले.

अस्लमने बायांच्या टेबलाशेजारी भिंतीवर नुसताच रेग्युलेटर ठोकला. बायांमधल्या गंगुबाईंनी तो चारवर नेला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "आता कसं!" पंखा दोनवरच फिरत होता. आठवड्याभरात तुकडे सातावर आले.

त्या सोमवारी उकाडा फार होता. अकराच्या सुमारास गंगुबाईंनी पहिल्यांदाच रेग्युलेटर पाचावर नेला, आणि त्याच क्षणी अख्ख्या वसाहतीची लाईट गेली.

"गंगुबायनं लाईट घालवलीन!" तुळसा ओरडली. "सगळ्या मिरजोळ्याची!"

"आता बाजूच्या बर्फाच्या कारखान्यातले येतील भांडायला," शेजारची राही म्हणाली. "त्यांचा बर्फ वितळला तर काय सांगशील?"

पाऊण तासाने लाईट आली, पण गंगुबाईंचे हात मांडीवरच. एकसष्टाव्या वर्षी दिवसाला दहा किलो काजू सोलणारी ही बाई. तीन वाजता डबा पिशवीत भरून त्या उभ्या राहिल्या. "उद्यापासून मी येत नाय. माज्या हातानं लोकांचं नुकसान नको."

शिर्के अस्लमकडे बघू लागले. अस्लमची पंचाईत झाली. गप्प राहावं तर ही जाते. खरं बोलावं तर समोर बारा बाया आणि बारा सुऱ्या. शेवटी त्याने स्क्रू काढले आणि रेग्युलेटर भिंतीपासून बाजूला केला. मागे एक घाबरलेली पाल होती.

"बघा. वायरच नाही. तुम्ही लाईट कशी घालवणार?"

बाया सुऱ्या ठेवून जवळ आल्या.

"म्हणजे हा पालीवर चालतो?" तुळसाने विचारलं.

गंगुबाईंनी अगदी जवळ जाऊन भिंत तपासली. "म्हणजे इतके दिवस मला फसवलंस?"

"हो."

"आणि मला वारा लागायचा तो?"

"तो दोनचाच."

"चारचा होता," गंगुबाई म्हणाल्या. त्यांनी डबा पिशवीतून बाहेर काढला. "लाव परत."

"वायर जोडून?"

"मेल्या, वायर जोडलीस तर लाईट जाईल!"

त्या परत टेबलाशी बसल्या. पण आता धोका नाही म्हटल्यावर प्रत्येकीलाच रेग्युलेटर फिरवायचा होता. वीस मिनिटं भांडण झालं. शेवटी शिर्क्यांनी पाळ्यांची यादी करून भिंतीवर चिकटवली. रेग्युलेटरमागच्या पालीला हुसकावणाऱ्यांवर कारवाई होईल, असंही त्यांना खाली लिहावं लागलं.

यादीची पहिली ओळ: उद्या मंगळवार. साडेआठ ते एक तुळसा, दीड ते साडेपाच राही.