जाहिरातींची इर्जिक

आमच्या भावकीत यंदाच्या यात्रेपर्यंत असं बोललं जायचं की, सूनबाईच्या वेबसाइटचं जाहिरातीचं उत्पन्न तिच्या भावानं बुडवलं. आटपाडीचा पाहुणा भोळा, त्याला मोबाईलमधलं काय कळतंय, असं म्हणून लोक हसायचे. हे खोटं आहे. ते उत्पन्न मी बुडवलं. दारात मांडव घालून, मटणाचं जेवण देऊन बुडवलं.

मलकापूरच्या अलीकडं आमचं गाव. मुलगा लष्करात, त्यामुळे घरात आम्ही दोघं म्हातारी आणि सून. गावच्या पतसंस्थेत तिला कारकुनाची जागा मिळत होती. मी तर शब्द टाकून आलो होतो. तिनं एक वर्ष मागून घेतलं. म्हणाली, "मामा, आपल्याकडच्या जेवणाची वेबसाइट काढते. वर्षात जमलं नाही तर जाईन पतसंस्थेत."

"अख्खा मसूर कसा करायचा हे कोण विचारणार?" मी म्हणालो. "इथल्या पोरांना ते झोपेत येतं."

"इथली पोरं इथं कुठं राहिलीत? पुण्यात खोली करून राहतात. आईला फोन केला की आई म्हणते, अंदाजानं घाल. त्यांना तो अंदाजच हवा असतो."

आणि खरोखरच ती अंदाज लिहू लागली. कांदा-लसूण मसाला किती, कट कशानं येतो, मसाल्याला जाळी लागली तर काय करावं. लोक शोधताना जे शब्द टाकतात तेच ती मथळ्यात घालायची. मी नोकरीभर साखर कारखान्याच्या शेती खात्यात ऊसतोडीच्या तारखा दिल्या. आपला ऊस आधी तुटावा म्हणून कोण कुणाची ओळख काढतो, ते मला पाठ. त्यामुळे तिचं पान शोधात वर यायला हवं आहे, एवढं कळल्यावर मी विचारलं, "तिथं आपल्या ओळखीचा कुणी संचालक न्हाई का?"

ती हसून हसून खाली बसली. "तिथं वशिला चालत नाही, मामा. पान पटकन उघडलं पाहिजे, माणूस वाचत थांबला पाहिजे, दुसऱ्या चार जणांनी आपला पत्ता दिला पाहिजे. मग नंबर लागतो."

माझ्या फोनवर मात्र तिचा अख्खा मसूर लवकरच पहिला येऊ लागला. मी एस.टी. स्टँडवर सांगत सुटलो. एकानं तिथंच आपल्या फोनवर शोधलं, तर आधी पंजाबी मसूर, मग कुठली कुठली हॉटेलं, आणि सूनबाई पार तळाला. मी घरी येऊन तक्रार केली.

"तुम्ही दिवसभर तेच पान उघडता," ती म्हणाली. "तुमच्या फोनला वाटतं तुम्हाला दुसरं काही नकोच."

"म्हणजे मला खूश करायला खोटं बोलतो?"

"तुमचं मन राखतो."

आतून आमच्या मंडळींचा आवाज आला, "चला, घरात कुणीतरी राखतंय."

हळूहळू पान खरंच वर सरकलं आणि त्यावर जाहिराती लागल्या. वाचणाऱ्यानं जाहिरातीवर बोट ठेवलं की थोडे पैसे हिच्या खात्यात पडतात, हे तिनं मला समजावलं. पुढं हेही सांगितलं, की आपण स्वतः बोट लावायचं नाही, घरच्यांना, ओळखीच्यांना सांगायचंही नाही, जाहिराती देणाऱ्या कंपनीला कळतं. मी मान हलवली. पण आमच्याकडं प्रत्येक विहिरीवर 'पोहण्यास मनाई आहे' असं लिहिलेलं असतं आणि गावातलं प्रत्येक पोर तिथंच पोहायला शिकतं. मला तो नियम त्यातलाच वाटला.

पहिले पैसे बँकेत आले त्या दिवशी तिनं पतसंस्थेला नकार कळवला. पुढच्या आठवड्यात गावची यात्रा होती.

माझ्या लहानपणी कुणाची पेरणी मागं पडली की तो इर्जिक घालायचा. सगळे आपापली बैलं, अवजारं घेऊन यायचे, दिवसभरात रान उरकायचे. मजुरी नाही. घरधनी जेवण घालायचा, एवढंच. यात्रेच्या दुपारी मांडवात बसलेली भावकी आणि प्रत्येकाच्या हातातला फोन बघून माझ्या डोक्यात ते आलं. सूनबाई आणि मंडळी आत भाकऱ्यांत गुंतलेल्या. तिचा भाऊ माझ्या शेजारी बसला होता. सकाळीच तो बहिणीची थट्टा करत होता, "ताई, तुझ्या जाहिरातींवर आमची आख्खी गल्ली कामाला लावतो, बघ." तेवढा धागा मला पुरला.

मी खडूनं दारावर वायफायचा पासवर्ड लिहिला आणि म्हणालो, "गड्यांनो, जेवायच्या आधी एक काम हाय. फोन काढा. आटपाडीच्या पाव्हण्यांनी लय भारी सुचवलंय."

चांगल्या कामाचं नाव पाहुण्यावर घालायची आपली रीत. मी मान म्हणूनच घातलं. तो माझ्या कानाशी लागला, "मामा, ताईला इचारलंय का?"

"तिचंच काम हाय. दाब तू."

त्यानं फोन खिशातनं काढलाच नाही. बाकीच्यांनी मात्र ऊस तोडावा तसं काम उरकलं.

"आबा, कितींदा दाबू?"

"वाढपी येईपतूर दाबत ऱ्हावा."

एका चुलतभावानं तर ट्रॅक्टरच्या जाहिरातीत नाव-नंबरही भरला. त्याला पुढं कितीतरी दिवस शोरूमवाले ट्रॅक्टर बघायला बोलवत होते, आणि त्याला रान होतं दोन वाफे.

तिसऱ्या दिवशी कंपनीनं तिचं जाहिरातींचं खातं बंद केलं. सूनबाई फोन हातात घेऊन सोप्यात आली. आम्ही दोघं आणि तिचा भाऊ चहा पीत होतो. "यात्रेच्या दुपारी आपल्याच गावातून कुणीतरी जाहिराती बडवल्यात," ती म्हणाली. मग भावाकडं वळली. "गल्ली कामाला लावतो म्हणालास, ते हेच व्हय रं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला घेतला. मग तो म्हणाला, "माझ्याकडनंच झालं, ताई."

मुलीकडचा माणूस. बहिणीच्या सासऱ्याला त्याच्याच सोप्यात खाली बघायला लावायचं नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मला मात्र त्या वेळी कुणीतरी काही शिकवायला हवं होतं. ती त्याला नको ते बोलली. तो अर्धा कप तसाच ठेवून आटपाडीच्या गाडीला गेला. त्या वर्षी भाऊबीजेला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. ओवाळणीचं ताट तिनं मांडलं, आणि संध्याकाळी आवरून ठेवलं. मी पेपर वाचत होतो.

ती पतसंस्थेत लागली. पहाटे उठून लिहिणं तिनं सोडलं नाही. आता मलकापुरातला डंकावर मसाला कुटून देणारा एक जण तिच्या पानावर थेट जाहिरात देतो. मधे कंपनी नाही. पण त्यानं भाऊ परत आला नाही.

यंदा यात्रेच्या जेवणाला कुणाकुणाला सांगायचं ते ती मोजत होती. माहेर तिनं घेतलंच नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगून टाकलं. तिनं गॅस बंद केला. माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली,

"मला सांगून काय होणार, मामा? ज्यांच्यापुढं त्याचं नाव घेतलंत, त्यांच्यापुढंच आता तुमचं घ्या."

मी आटपाडीला फोन लावला. "आवं मामा, झालं गेलं," तो म्हणाला. "कशाला उकरून काढताय?"

"तू ये रं बाबा. न्हाईतर तुझी बहीण मला उपाशी ठेवंल."

तो आला, पण बहिणीशी बोलला नाही. येऊन थेट मांडवात बसला. मी उभा राहिलो. दम लागत होता तरी सांगितलं, की युक्ती माझी होती, पाव्हण्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि बोलणी त्यानं खाल्ली. तो मान खाली घालून "बसा की मामा, बसा" म्हणत माझं धोतर ओढत होता.

 मग भावकीतला सगळ्यात थोरला म्हणाला, "म्हंजी आमी दाबलं म्हणून बंद पडलं व्हय ते?"

"व्हय."

"मग तवाच का न्हाई सांगितलं? नवं खातं काढा. आवंदा जरा सावकाश दाबू."

सगळ्यांना ते पटलं. दोघांनी तर खिशात हात घातले. तेवढ्यात सूनबाई भाकरीचं रिकामं टोपलं घेऊन बाहेर आली. "फोन यात टाका. फोन टाकल्याशिवाय कुणाला वाढणार नाही." आधी भावापुढं गेली. तो फोन काढू लागला, तशी तिनं त्याचा हात धरला. "तुझा ऱ्हाऊ दे," म्हणाली.

मग टोपलं माझ्यापुढं धरून उभी राहिली.