चाचांचा उतार

माणसानं बनवलेल्या कुठल्याही बसायच्या जागेवर आमच्या घरमालकांचा विश्वास नव्हता. खुर्ची असो, बाकडं असो, जीपची सीट असो की मंगल कार्यालयातला लाल मखमलीचा सोफा असो, ते आधी त्यावर मूठ दाबून बघत, मग अर्ध्या बुडानं टेकत आणि मग असं तोंड करत की बनवणाऱ्याला वाटावं, आपण आयुष्यात दुसरं काहीतरी करायला हवं होतं. सारं गाव त्यांना चाचा म्हणे. नांदेडहून रेल्वेनं तासाभरावरच्या आमच्या गावात, स्टेशनच्या रस्त्याला, त्यांचं पिंजाऱ्याचं दुकान होतं. आजोबांच्या काळापासून कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, लोड-तक्के शिवायचे. मी तिथल्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मास्तर, तुमी उताणे झोपता का कुशीवर?" मी गोंधळून "कुशीवर" म्हणालो. "डाव्या का उजव्या?" हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं. चाचांनी मान हलवली. एवढं शिकलेल्या माणसाला एवढंही माहीत नसावं याचं त्यांना वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत एक गादी येऊन पडली. तिच्यावर मला अशी झोप लागायला लागली की पहिल्याच महिन्यात शाळेची प्रार्थना दोनदा चुकली.

दुसऱ्याच्या कमरेची चिंता हा त्यांचा आजारच होता म्हणा. दवाखान्यात गेले की आपलं दुखणं सांगायच्या आधी ते डॉक्टरांना बाकड्याबद्दल सांगत. "डॉक्टरसाब, तुमचे निम्मे पेशंट बाहेर बसून बसूनच बीमार होऊन राहिलेत." एकदा आमच्या मुख्याध्यापकांचे वडील वारले. आम्ही सगळे सतरंजीवर माना खाली घालून बसलो होतो. चाचा मधेच उठले, आतून एक चादर मागून घेतली, तिची चौपदरी घडी करून मुख्याध्यापकांच्या म्हाताऱ्या आईच्या पाठीमागं सारली आणि परत जागेवर येऊन बसले. त्या माउलीनं सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली आणि मगच तिला रडू आलं. चाची मात्र या कौतुकात सामील नव्हत्या. त्या म्हणत, "मास्तर, इनको सारी दुनिया की कमर की फिकर हाय. घरात माजी उशी चार महिन्यांपासून फाटली हाय, ती दिसत न्हाई."

दुपारची नमाज झाली की चाचा स्टेशनावर जात. त्यांना कुठं जायचं नसे, कुणी यायचंही नसे. चारच्या सुमाराची पॅसेंजर येई, माणसं उतरत, माणसं चढत. कोण कुठं बसलं, कुणाला सावली मिळाली, कुठल्या बाईच्या कडेवरचं पोर पाण्यासाठी रडतंय, हे सगळं बघून, जमेल तेवढं सोडवून ते परत दुकानात येत. हमाल त्यांना "बिनपगारी साहेब" म्हणत. स्टेशन मास्तर निजामाबादकडचे, अबोल, चष्म्यातून वर बघणारे गृहस्थ होते. त्यांनी चाचांना कधी अडवलं नाही.

आणि मग आमचं स्टेशन नव्यानं बांधायला काढलं. एका सकाळी गावात जाग आली ती दगड फुटायच्या आवाजानं. प्रवाशांची खोली पाडली, प्लॅटफॉर्म उंच करण्यासाठी निम्मा उकरला, समोरचं फाटक पत्रे ठोकून बंद केलं, आणि पाटी लागली की प्रवाशांनी मालधक्क्याच्या बाजूनं यावं. मालधक्क्याची बाजू म्हणजे खडीतून शंभरेक पावलं आणि शेवटी सिमेंटच्या ठोकळ्यांच्या चार ओबडधोबड पायऱ्या. गावाला स्टेशन नवीन होणार याचा आनंद झाला होता. चाचांना तेवढा झाला नाही. "नवं होईल तवा होईल हो, पण मधे माणसं गाडीनं जायची थांबणार हायेत का?" असं ते मला विचारत, जणू नकाशा मीच काढला होता.

पहिल्या आठवड्यात त्यांनी उरलेल्या कापसाच्या वीस छोट्या बैठका शिवल्या, लाल पट्ट्यांच्या खोळीच्या, आणि सिमेंटच्या पाइपांवर, ठोकळ्यांवर, जिथं जिथं माणसं टेकत तिथं मांडल्या. माझ्याकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, 'प्रवाशांसाठी. घरी नेऊ नये.' शनिवारपर्यंत अकरा बैठका घरी गेल्या. मला वाटलं चाचा चिडतील. ते तर खूश झाले. "नेल्या म्हंजे आवडल्या की!" म्हणाले आणि नव्या शिवायला बसले. मग त्यांनी तक्रारवही मागितली. दोन पानं सुरेख उर्दूत भरली. स्टेशन मास्तरांना ती वाचता येईनात, म्हणून मला लेखनिक नेमलं. त्या वहीत मी त्यांच्या सांगण्यावरून काय काय लिहिलं! 'पाण्याचा नळ अशा उंचीवर आहे की लहान मुलाचे तोंड पोहोचत नाही आणि मोठ्या माणसाची कंबर वाकत नाही.' मध्येच ते कौतुकही लिहायला लावत. 'कालपासून सावलीसाठी ताडपत्री बांधली आहे. बांधणाऱ्याचे भले होवो.' तक्रारवहीत असं लिहीत नसतात, असं मी म्हटलं तर म्हणाले, "कैकू? चांगलं झालं ते लपवायचं का?"

त्या काळात नांदेडला आणि लातूरला क्लासेसचं असं पीक आलं होतं की प्रत्येक भिंतीवर गुणवंतांचे फोटो चिकटलेले असत. आमच्या सकाळच्या पॅसेंजरचे दोन डबे तर वर्गच झाले होते. पोरं गुडघ्यावर वह्या ठेवून रसायनशास्त्र घोकत नांदेडला जात आणि संध्याकाळी तशीच घोकत परत येत. त्यात मंगल नावाची एक मुलगी होती. ती मूळची लातूरकडची. भूकंपात घराची भिंत तिच्या उजव्या पायावर आली तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. आई त्यातच गेली. मामानं तिला आमच्या गावी आणलं. पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, काखेत कुबडी, पाठीवर दप्तर, अशी ती रोज वेळेच्या वीस मिनिटं आधी स्टेशनावर हजर असे. जुन्या फाटकातून प्लॅटफॉर्म सपाट लागे, त्यामुळं तिचं कधी कुणावाचून अडलं नव्हतं, आणि कुणी हात पुढं केला तर तिला आवडतही नसे.

खडीत कुबडी रुतायला लागली. पहिले काही दिवस ती अर्धा तास आधी निघाली, मग पाऊण तास. एके दिवशी चाचा सकाळीच काही कामानं स्टेशनावर गेले, तर मंगल चौथ्या पायरीजवळ खाली बसलेली आणि गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपार गेलेला. तळहात खरचटला होता.

"बेटा, पडलीस?"

"न्हाई चाचा, बसले," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "आता जाऊ द्या. तिसऱ्यांदा गाडी चुकली. मामा म्हणतो उचलून चढवतो. मी काय पोतं हाय का? त्यापेक्षा घरी बसून वाचते."

चाचा माडीवर आले तेव्हा मी दाढी करत होतो. त्यांनी मला तसाच, एका गालाला साबण घेऊन, ऐकायला बसवलं. मग आम्ही कामावरच्या इंजिनियर साहेबांकडं गेलो. तरुण, उन्हानं रापलेला, सज्जन माणूस. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवलं. "हे बघा चाचा, उतार आहेच. अपंगांसाठी, सामानासाठी. पण ते काम शेवटी येतं. सहा-सात महिने थांबा."

"तिची परीक्षा चार महिन्यांवर हाय."

"नकाशात आहे म्हणजे होणारच, चाचा."

"पोरगी नकाशात चालती का, साब?" चाचा म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी अजिजीनं विचारावं तसं. साहेब नकाशाची गुंडाळी करत राहिले.

तिथून आम्ही स्टेशन मास्तरांकडं. चाचांनी सांगितलं की पायऱ्यांवर फळ्यांचा उतार आम्हीच करतो, तुम्ही फक्त हो म्हणा. स्टेशन मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. "लिहून परवानगी मला देता येत नाही," ते म्हणाले. आम्ही उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला, "रविवारी दुपारी गाडी नसते. मी जेवायला घरी जातो. जेवण मला सावकाश लागतं."

रविवारी चाचांनी दुकानाची बैठक उखडली. तिच्या सागवानी फळ्यांवर बसून त्यांच्या आजोबांनी, वडलांनी आणि त्यांनी स्वतः गाद्या भरल्या होत्या; बसून बसून त्या आरशासारख्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "चाचा, बाजारातून दुसऱ्या आणू." ते म्हणाले, "ह्या मापाच्या न्हाई मिळत, मास्तर," आणि खिळे काढत राहिले. तोंड मात्र त्यांनी माझ्याकडं केलं नाही. दोन हमाल, मी आणि चाचा, चौघांनी मिळून फळ्या हातगाडीवर नेल्या. खडीवर मुरूम टाकून, धुम्मस करून वाट पक्की केली. पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, खाली ठोकळे सारले. चाचा एकदा चालत वर गेले. मग मला म्हणाले, "मास्तर, एका पायानं चढून दाखवा." शाळेतली दहा-बारा पोरं बघत असताना मी लंगडी घालत वर निघालो आणि निम्म्यावरून घसरत सरळ हमालाच्या अंगावर आलो.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. इंजिनियर साहेब उतरले. आमच्या सगळ्यांच्या हातातलं काम थांबलं. त्यांनी उताराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, खिशातून टेप काढला.

"चूक आहे," ते म्हणाले. "फार उभा झालाय. चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे. चोवीस फूट लागेल."

मी नववीच्या वर्गाला दरवर्षी उतरणीचा पाठ फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. पण लंगडी घालताना तो मला आठवला नव्हता. साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्वतः ठोकळे हलवायला लागले. फळ्या भरल्या जेमतेम पंधरा फूट. चाचांनी जरा विचार केला आणि हमालांना घेऊन घरी गेले. अर्ध्या तासानं परत आले ते घरच्या पलंगाच्या फळ्या घेऊन. त्यांच्यामागून चाची आल्या, डोक्यावर पदर, काखेत पाटी, एक हात कमरेवर. आम्हाला वाटलं आता भांडण. चाचींनी उतार बघितला, मंगलच्या पायरीची हकिगत ऐकली आणि पाटीतून आणलेलं भाकरी-पिठलं सगळ्यांपुढं ठेवलं. "जमिनीवर झोपायचं व्हतं तर आधी सांगायचं," एवढंच म्हणाल्या. फळ्यांवर कुबडी घसरू नये म्हणून चाचांनी काथ्याच्या पट्ट्या आडव्या ठोकल्या, एका बाजूला हाताला धरायला बांबू बांधला आणि त्या बांबूलाही चिंध्या गुंडाळल्या. बांबू हाताला टोचला असता म्हणे.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे जण काहीच बघत नसल्यासारखे उभे होतो. हमाल आकाशाकडं, स्टेशन मास्तर घड्याळाकडं, चाचा तर पाठमोरेच. मंगल आली. थांबली. कुबडीनं पहिली फळी ठोकून बघितली, अगदी चाचा खुर्ची दाबून बघत तशी. मग चालायला लागली. चोवीस फूट एवढे लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. ती वर पोहोचली, मागं वळली, म्हणाली, "चाचा, पुढच्या टोकाची फळी जरा हलते." चाचा हातोडी घेऊन असे धावले की जणू कुणी बक्षीस दिलंय.

त्यानंतर त्या पायऱ्या ओस पडल्या. अर्धापूरकडून केळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बाया, ट्रंका ओढणारे फौजी, पोरं कडेवर घेतलेल्या आया, धडधाकट तरणी माणसं, सगळी उतारावरूनच जायला लागली. सिमेंटच्या हातगाड्याही जायला लागल्या, तेव्हा चाचांनी सकाळची नमाज आटोपून तिथंच ठाण मांडलं आणि मिस्त्रीला दम भरला, "सिमेंटला पाय दुखत न्हाईत. तिकडून घेऊन जा." पुढचे सहा-सात महिने चाचा आणि चाची जमिनीवर झोपले. चाचांची कंबर धरली. ते कुणालाही सांगत नव्हते; चाची सगळ्यांना सांगत होत्या.

मंगलनं परीक्षा दिली. हवा होता तिथं नंबर लागला नाही. दोन दिवस घराबाहेर आली नाही. मग औषधनिर्माणशास्त्राला लागला, नांदेडलाच, आणि ती पेढे घेऊन आली. आता तिचं तिकडं स्वतःचं औषधाचं दुकान आहे, असं तिच्या मामानं सांगितलं. स्टेशनही झालं. पक्का उतार झाला, कठड्यासकट, आणि इंजिनियर साहेबांनी चाचांना मुद्दाम बोलावून आधी त्यांना चालवलं. चाचा खाली-वर दोनदा चालले, खूश झाले. नव्या स्टीलच्या बाकावर मात्र अर्ध्या बुडानं टेकून म्हणाले, "साब, थंडीत बर्फ, उन्हाळ्यात तवा. पण चालन." फळ्या परत आल्या त्या ऊनपाण्यानं वाकड्या झालेल्या. दुकानाची बैठक पुन्हा बसली, पण तिची ती चमक गेली ती गेलीच.

पुढं फोमच्या गाद्या आल्या आणि गावात कापूस पिंजून घेणारं कुणी उरलं नाही. चाचांचा मुलगा हैदराबादला होता. तो आई-बापांना घेऊन जायला आला. चाचांनी घर विकलं नाही, मला म्हणाले, "तुमी राहा, मास्तर. माणूस असला म्हंजे घर बसकं होत न्हाई." ते निघाले त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून स्टेशनावर गेलो. बोलायचं बरंच ठरवलं होतं. त्या माडीवर मी बारा वर्षं राहिलो होतो आणि कधी नीट आभार मानले नव्हते. गाडी दोन मिनिटं थांबते. मी खिडकीशी पोहोचलो तेव्हा चाचा आत डब्यात खटपटीत होते. समोरच्या बाकावर एक पोटुशी बाई अवघडून बसली होती. तिची पिशवी वर ठेव, तिच्या नवऱ्याला उठव, आपली शाल घडी करून तिच्या पाठीला दे, असं चाललं होतं. मी दोनदा हाक मारली. गाडी हलली. चाचींनी तेवढा हात हलवला. चाचा पाठमोरेच होते, वाकून त्या बाईला विचारत होते, "आता बरं वाटून राहिलं का, बेटा?" मी त्यांच्या पाठीकडं बघत हात हलवत राहिलो, डबा दिसेनासा होईपर्यंत.