वाकळीचा चौथा कोपरा

करवीर राज्यात महाराजांच्या खालोखाल कुणाचा हुकूम चालत असेल, तर तो आमच्या आतोबांचा, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. फरक एवढाच, की महाराजांचा हुकूम माणसांवर चालायचा आणि आतोबांचा कापडावर. माणसं त्यांचं काडीचंही ऐकत नसत, आणि आमची आत्या तर त्यातली पहिली.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उमेदीत ते एका सरदारांच्या हत्तीखान्यात हत्तींच्या झुली शिवायला होते. ते काम सुटल्यावर घराच्या पुढच्या सोप्यात चटई टाकून त्यांनी वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, शिवायला घेतल्या. आता वाकळ शिवणं हे आमच्याकडं बायकांचं काम. पेठेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण आतोबांना त्याची ना खंत ना खेद. "झूल काय आन् वाकळ काय, अंगावरच घ्यायची न्हवं? हत्ती जरा कमी वळवळतोय, एवढंच," असं म्हणून ते सुईत दोरा ओवायचे.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावायचं : वढू नगा. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो. त्याला धरून कापलं तर कापड शहाण्यासारखं वागतं. तिरकं कापलं, की त्याला शिंपी उरेब म्हणतात, आणि उरेब तुकडा नुसता हातात धरला तरी मळलेल्या कणकेसारखा लांबतो. असे चार तुकडे जोडले, की वाकळीला एकीकडं पोट सुटतं आणि दुसरीकडं खळगा पडतो. आतोबांना रात्री झोप येत नसे ती अशा वाकळा आठवून. लोकांनी दिलेली जुनी लुगडी-धोतरं ते आधी धुवायचे, पण पिळायचे नाहीत. ओलं कापड दोरीवर टाकलं तर आपल्याच वजनानं लांबतं म्हणून आजारी माणसाला निजवावं तसं जमिनीवर पसरायचे आणि चारी कोपऱ्यांवर नदीतले गोटे ठेवायचे. मग सोप्यातून ये-जा बंद. आत्याला चुलीकडं जायचं तर परसातून वळसा. इस्त्रीसुद्धा ठेवायची, उचलायची, पुढं ठेवायची, ढकलायची नाही. परटाच्या दुकानावरून जाताना ते मान दुसरीकडं वळवून जात. त्यांना ती ढकलाढकली बघवायची नाही.

हे वेड त्यांना हत्तीखान्यातच लागलं होतं. हत्तीच्या चालीनं झुलीच्या उरेब पट्ट्या ओघळतात, म्हणून एका दसऱ्याला त्यांनी अख्खी झूल तांदळाच्या घट्ट खळीत बुडवून वाळवली. खळ जास्त धरावी म्हणून तिच्यात गूळही घातला. मिरवणुकीत झूल अशी ताठ उभी राहिली, की बघणाऱ्यानं बघत राहावं. पण मागून येणाऱ्या हत्तीला गुळाचा वास लागला आणि त्यानं भर रस्त्यात पुढच्या हत्तीची झूल खायला घेतली. मानकरी ओरडतायत, माहूत अंकुश मारतोय, आणि आतोबा सोंडेला लोंबकळतायत. नोकरी गेली ती याच पायी. पण त्यांना नोकरीचं कधीच वाईट वाटलं नाही. "खाल्ली ती खाल्ली," ते हळहळून सांगायचे, "पर मुडद्यानं वढून खाल्ली."

कुस्त्यांच्या मैदानात तर त्यांना नेण्याची सोयच नव्हती. पंचक्रोशी लोटलेली, दोन नामांकित मल्ल भिडलेले, वरच्यानं खालच्याच्या लंगोटाला हात घातला, आणि त्या शांततेत आमच्या आतोबांचा आवाज आला, "आरं, उरेब कापलाय त्यो. वढू नगंस, हातात यील." वरच्या पैलवानाला हसू फुटलं, खालचा सुटून उभा राहिला, आणि आम्हाला तिथून मागल्या दारानं निघावं लागलं.

आत्या या सगळ्याला पुरून उरली होती. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. "मला बघाय आलते," ती चारचौघींत सांगायची, "तर तोंड कुठलं बघत्यात? लुगड्याचा काठ सरळ हाय का न्हाय, त्येच बघत बसले." आतोबा मान खाली घालून म्हणायचे, "हुता की सरळ." तेच ते लुगडं, लालभडक इरकली, सणावाराला नेसता नेसता पुढं ते रोजचं झालं. त्याच्या पदराच्या टोकाला आत्या फुटाणे बांधून ठेवायची, आणि आम्ही सगळी पोरं, म्हणजे तिची तानी, मी आणि शेजारची झाडून सगळी, त्या टोकाला लोंबकळायचो. आतोबा सोप्यातून ओरडायचे, "आरं, लुगडं हाय का बैलाचा कासरा? वढू नगा." आत्या गाठ सोडता सोडता म्हणायची, "वढू द्यात. तुमचं काय जातंय?"

पुढं तानी लग्न होऊन राधानगरीकडं गेली आणि एका पावसाळ्यात आत्या तापानं गेली. घरातला आवाजच गेला. तानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा करायला आईच नव्हती; माझी आईच रोज जाऊन शेकशेगडी बघायची. मुलगा झाला. निघायचे दिवस जवळ आले तशी तानीनं बापापाशी एकच गोष्ट मागितली. "आबा, आमच्याकडं पाऊस हलत न्हाय, गारठा हाडात शिरतोय. आईच्या लुगड्याची वाकळ द्या, पोराला तिच्यात गुंडाळून नेतो."

आतोबा हो म्हणाले. लुगडं धुतलं, सोप्यात पसरलं, गोटे ठेवले. आणि तिथंच थांबले. तानीनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कापडाचा ताण उतरला न्हाय अजून." जो माणूस आठवड्यात वाकळ हातावेगळी करायचा, त्याच्या कापडाचा ताण महिना झाला तरी उतरेना. तानी मागं लागून थकली. सासरहून गाडी यायचा दिवस ठरला, तेव्हा तिनं मला मधे घातलं. मी गेलो तर आतोबा लुगड्याशेजारी नुसते बसलेले. इतरांच्या वाकळीत ते खराब कोपरा बेलाशक कापून काढायचे, आणि इथं पदराचं ते फुटाण्याचं टोक, आम्ही ओढओढून लांबवलेलं, काही केल्या सरळ होत नव्हतं. खळ घालून झाली होती, इस्त्री झाली होती, गोटा झाला होता. कात्री बाजूला पडली होती.

"कापून टाका की तेवढं," मी म्हणालो.

"तुज्या बापानं कापलं आसतं का?" आतोबा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला उठून जायला सांगितलं. मी निघालो. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्यांच्यासाठी वाटलं.

गाडी आली. बैल सोडले, चहापाणी झालं, पुन्हा जुंपायची वेळ झाली, तरी सोप्याचं दार बंदच. तानी रिकाम्या हातांनीच निघायचं असं ठरवून पोराला पदराखाली घेऊन अंगणात उतरली. तेवढ्यात आतोबा बाहेर आले. डोळे लाल, बोटांना टोचलेलं, हातात वाकळ. तानीनं तिथंच उलगडली. तीन कोपरे असे चोख, की गवंड्यानं गुण्या लावून बघावा. चौथा मात्र बाहेर आलेला, लांबोळका, पोरानं जीभ काढावी तसा. तानीचा दीर बिचारा भोळा माणूस, म्हणाला, "पावणं, ह्यो कोपरा वाकडा ऱ्हायला की."

सगळी पेठ आतोबांच्या तोंडाकडं बघत होती.

"व्हय," आतोबा म्हणाले, "त्यो तसाच हाय." तानीनं वाकळ तोंडाला लावली आणि ती तशीच रडत गाडीत बसली.

त्यानंतर आतोबांनी वाकळा शिवल्या त्या पुन्हा सरळच. आमच्यावर ओरडणंही चालूच राहिलं. फक्त तानी माहेरी आली, की ते तिला बाकी काही विचारायच्या आधी हळूच विचारायचे, "पोरगं त्यो कोपरा धरतंय का?"

"धरतंय की," तानी सांगायची. "त्येच टोक मुठीत घिऊन झोपतंय. वढून वढून आनखी लांब केलंय त्येनं."

"आसू दे," आतोबा म्हणायचे. "वढू दे."